विषारी धातूंची पूड : आग विझल्यावर सुरू होणारी आणीबाणी

रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात हिंगुळाची पूड करणाऱ्या कामगारांबद्दल एक ओळ लिहून ठेवली आहे. हिंगूळ हे पाऱ्याचे खनिज. लाल रंगासाठी ते दळत. हे कामगार जनावराच्या मूत्राशयाची सैल पिशवी चेहऱ्यावर बांधत. श्वासाबरोबर जीवघेणी धूळ आत जाऊ नये आणि तरी पिशवीतून पलीकडचे दिसावे, अशी ती सोय. धुळीपासून नाकतोंड वाचवायची अक्कल माणसाला इतकी जुनी आहे. पण अशी पूड सांडली, उडाली किंवा पेटली, तर बाहेरून धावत आलेल्याने काय करायचे आणि काय अजिबात करायचे नाही, याची लेखी पद्धत जेमतेम पन्नास-साठ वर्षांची. तिच्यातल्या बऱ्याचशा सूचनांमागे कुणाची तरी फसगत आहे.

पुडीचा प्रश्न वेगळा का, ते एका साध्या हिशेबातून कळते. एक सेंटिमीटर बाजूच्या धातूच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग असतो सहा चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे दहा मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या बाजूचे, तुकडे केले, तर ते होतात शंभर कोटी आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग भरतो सहा हजार चौरस सेंटिमीटर. धातू तेवढाच, पण हवेशी, पाण्याशी आणि फुप्फुसाशी त्याची गाठ हजारपट. जो ठोकळा भट्टीतही सहज पेटत नाही, त्याची पूड एका ठिणगीने भडकते. शिशाचा तुकडा हातात धरला म्हणून फारसे बिघडत नाही, पण त्याचीच धूळ श्वासातून किंवा न धुतलेल्या हाताने पोटात गेली की रक्तात उतरते.

अग्निशमनाची सारी सवय मात्र याच्या उलट. जवानाच्या हाताला वळण लागलेले असते पाणी मारायचे, तेही जोरात. मॅग्नेशियमसारख्या धातूची पूड पेटलेली असताना तिच्यावर पाणी पडले, की धातू पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि हायड्रोजन सुटतो; मग आगीबरोबर स्फोट. कार्बन डायऑक्साइडही बिनकामाचा, कारण तापलेले मॅग्नेशियम त्याच्यातलाही ऑक्सिजन घेऊन जळत राहते आणि मागे काजळी ठेवते. नायट्रोजन वायूतही ते जळते. म्हणून धातूंच्या आगीला ‘ड’ हा स्वतंत्र वर्ग मिळाला आणि तिच्यासाठी वेगळी कोरडी भुकटी आली. कुठे मिठाच्या पायाची, कुठे ग्रॅफाइटची, लिथियमसाठी तांब्याची.

ही भुकटी टाकण्याचीही एक रीत आहे, आणि ती पाहिल्याशिवाय पटत नाही. जळणाऱ्या ढिगावर ती फेकायची नसते. लांब दांड्याच्या फावड्यातून कडेकडेने, अलगद, पांघरूण घातल्यासारखी पसरायची. फेकली तर खालची तापलेली पूड हवेत उठते आणि ढिगाची आग ढगाची होते. नीट पडलेले मीठ उष्णतेने वितळून ढिगावर कवच धरते. कुठे तडा गेला, की तिथून पांढरी आच डोकावते. त्या जागी पुन्हा एक फावडे. कवच धरले म्हणून कुणी लगेच ढीग उकरायला जात नाही, कारण आतला धातू तासन्‌तास तापलेला राहतो.

यात विषाची भर पडली की काय होते, हे जगाने अमेरिकेतल्या रॉकी फ्लॅट्स या अण्वस्त्र कारखान्यात पाहिले. ११ सप्टेंबर १९५७ च्या रात्री तिथे एका हातमोजा-पेटीतला, म्हणजे भिंतीत बसवलेल्या मोज्यांत हात घालून काम करायच्या बंद पेटीतला, प्लुटोनियम या किरणोत्सर्गी धातूचा कीस आपोआप पेटला. पेटीच्या खिडक्या प्लास्टिकच्या, मोजे रबराचे, दोन्ही जळणारे. आग एका पेटीतून दुसरीत सरकली आणि हवा बाहेर सोडणाऱ्या नळातून गाळण्यांपर्यंत पोचली. जवानांनी आधी कार्बन डायऑक्साइड वापरला, कारण पाण्यामुळे प्लुटोनियमच्या अणुविभाजनाची साखळी प्रक्रिया सुरू होण्याची धास्ती होती. तो चालला नाही, शेवटी पाण्याचे पाइप आणावे लागले. तोवर गाळण्या जळून गेल्या होत्या आणि पंखे चालूच होते. म्हणजे कामगारांना वाचवण्यासाठी बसवलेली यंत्रणाच प्लुटोनियमचे कण धुराड्यातून बाहेर फेकत होती. आगीने निकामी होऊन पंखे थांबले, तेव्हा कुठे तो लोट बराचसा आटोक्यात आला. ११ मे १९६९ रोजी त्याच कारखान्यात दुसऱ्या इमारतीत पुन्हा तशीच आग लागली आणि पुन्हा पाण्याचाच आधार घ्यावा लागला. त्यानंतरची साफसफाई सुमारे दोन वर्षे चालली. ‘पाणी मारू नका’ हा नियम खरा. पण दोन धोक्यांतला कुठला पत्करायचा, हे जागेवरच्या माणसाला ठरवावे लागते, हेही त्याच जागेने दाखवले.

बेरिलियमची गोष्ट ज्वाळेशिवायची आहे, आणि माझ्या मते या विषयात तीच जास्त शिकवते. हा धातू हलका, कडक, अणुभट्टीत उपयोगी; त्याची संयुगे पूर्वी नळीच्या दिव्यांतही वापरत. १९४६ मध्ये हॅरिएट हार्डी या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या दिव्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांचा फुप्फुसविकार बेरिलियमशी जोडून दाखवला. काम सोडल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनी धाप लागू लागे. ओहायोतल्या लोरेन गावी तर कारखान्यात पाऊलही न टाकलेले शेजारी आजारी पडले. इतरत्र कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हाच आजार झाला. १९४८ मध्ये मेरिल आयझेनबड आणि विलर्ड मॅकल या दोघा तज्ज्ञांनी टॅक्सीत बसून हवेतल्या बेरिलियमची एक मर्यादा ठरवली : हवेच्या एका घनमीटरमागे २ मायक्रोग्रॅम. म्हणून तिला ‘टॅक्सी मर्यादा’ म्हणतात. गंमत वाटते, पण अंदाजाने ठरलेला हा आकडा अमेरिकेत जवळपास सत्तर वर्षे टिकला; २०१७ मध्ये तो दहापट खाली, ०.२ वर आला.

यातून आणीबाणीच्या कामाला दोन गोष्टी मिळाल्या. एक, रोगी म्हणजे जागेवर कोसळलेला माणूस, ही समजूत अपुरी ठरली. आज ठणठणीत दिसणाऱ्या जवानाचे नावही नोंदीत हवे, कारण त्रास पुढे कधीतरी दिसणार. दुसरी, कपडे. कपड्यांवर बसलेली धूळ आगीच्या जागेवरून गाडीत, गाडीतून घरी जाते. १२ सप्टेंबर १९९० रोजी आजच्या कझाकस्तानातल्या उस्त-कामेनोगोर्स्क शहरात उल्बा धातू कारखान्याच्या बेरिलियम विभागात स्फोट झाला आणि बेरिलियमचा ढग वस्तीवर गेला. लोरेनला वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर पडत राहिलेली धूळ इथे एका झटक्यात शहरावर आली.

कागदावरची व्यवस्था याच काळात उभी राहत होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने धोकादायक मालाच्या वाहतुकीच्या शिफारशी १९५६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केल्या. पुढे प्रत्येक मालाला चार आकडी क्रमांक मिळाला. अमेरिकेतल्या रसायन उत्पादकांनी १९७१ मध्ये रसायनांच्या अपघातात सल्ला देणारे, अहोरात्र चालणारे केमट्रेक हे फोनकेंद्र उघडले आणि १९७३ मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने आणीबाणी मार्गदर्शक पुस्तिका काढली. ती गाडीच्या खणात मावते. पिवळ्या पानांवर क्रमांक शोधायचा, निळ्या पानांवर नाव, आणि नारिंगी पानांवर काय करायचे ते वाचायचे. धातूंची पूड, कीस, चुरा यांचे पान १७० क्रमांकाचे. त्यात पाणी, फेस, कार्बन डायऑक्साइड तिन्हींना मनाई आहे. कोरडी वाळू, ग्रॅफाइट किंवा मिठाची भुकटी वापरा म्हटले आहे, आणि विझतच नसेल तर आसपासचे सांभाळून जळू द्या, असेही. अग्निशमन दलाला ‘जळू द्या’ सांगणारे पान लिहायला धीर लागला असणार. बेरिलियमची पूड मात्र या पानावर नाही. तिचा क्रमांक १५६७, मुख्य वर्ग विषारी, दुय्यम वर्ग ज्वालाग्राही, आणि पान १३४ : पेटणारे आणि वर विषारीही असलेल्या घन पदार्थांचे. दिसायला दोन्ही करडी भुकटीच. क्रमांक न पाहता नुसत्या रंगावर विसंबणारा इथे फसतो.

आग नसलेल्या सांडणीत काम आणखी संथ असते. वारा पाठीशी ठेवायचा. पंखे बंद, ये-जा बंद. सुका झाडू नाही, हवेचा फवारा तर नाहीच, आणि साधा व्हॅक्यूम क्लीनरही नाही, कारण त्याच्या गाळणीतून बारीक कण पलीकडे निघतात आणि मोटारीची ठिणगी वेगळी. बारीकात बारीक कण अडवणारी हेपा गाळणी १९४० च्या दशकात अणुबाँबच्या प्रकल्पातून आली. आज हे काम तिच्यावर चालते, पण पूड पेटणारी असेल तर यंत्रही ठिणगी न पडणारे लागते. सांडलेल्या ढिगावर प्लास्टिकचा कागद टाकून कडा दाबायच्या, मग ठिणगी न उडवणाऱ्या फावडीने थोडे थोडे उचलायचे. पाण्याशी जमवून घेणारा धातू असेल तर ओलसर फडक्याने पुसायचे. नसेल तर तेही नाही.

२००६ च्या डिसेंबरपासून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स बंदराच्या गावात पक्षी मरून पडू लागले. पुढे हजारो मेले. बंदरातून जहाजात भरल्या जाणाऱ्या लेड कार्बोनेटची, म्हणजे शिशाच्या एका संयुगाची, धूळ हे कारण मार्च २००७ मध्ये पक्के झाले. तोवर कुणाला ही आणीबाणी वाटलीच नव्हती, कारण भोंगा वाजावा असा प्रसंग नव्हता. पुढे हा माल दुसऱ्या बंदरातून, मोहोरबंद पिशव्यांमध्ये कंटेनरात घालून जाऊ लागला.

नायजेरियातल्या झम्फारा राज्यात २०१० मध्ये जे झाले ते याहून भीषण. सोन्यासाठी घराच्या अंगणात दगड दळत, आणि त्या दगडात शिसे होते. चारशेहून अधिक मुले गेली. डॉक्टरांकडे रक्तातले शिसे बांधून बाहेर काढणारे औषध होते, पण मूल ज्या अंगणात रांगते तिथेच धूळ असेल तर औषध घेऊन घरी परतणे म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून क्रम उलटा लागला. दारेता आणि यारगाल्मा या गावांत आधी अंगणाचा वरचा थर खरवडून काढला, स्वच्छ माती टाकली, मग मुलांचे औषधोपचार. बागेगा गावाची पाळी यायला २०१३ उजाडले. तोवर तिथली मुले त्याच मातीत खेळत होती.

१५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसमधल्या नोत्र दाम चर्चचे छत जळाले. छपरात आणि मनोऱ्यात शेकडो टन शिसे होते. ज्वाळा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विझल्या. शेजारच्या घरांत ओल्या फडक्याने पुसून घ्या ही सूचना सुमारे दोन आठवड्यांनी आली. जुलैअखेर तर शिशापासूनचे संरक्षण अपुरे म्हणून दुरुस्तीचे कामच थांबवावे लागले. ऑगस्टमध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा नियम असा होता : आत जाताना अंगावरचे सगळे कपडे उतरवून एकदाच वापरून फेकायचे कपडे चढवायचे, आणि बाहेर पडताना, मग ते जेवायला का असेना, दर वेळी आंघोळ.