एफ कॉर्ड वाजत नाही? आधी नट बघा

माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार साडेसात हजाराची, कंपनीचं नाव राहू दे, आणि दीड वर्ष मी हेच धरून चाललो होतो की आपली बोटंच थर्ड क्लास. बाकीचे कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) कसेबसे निघायचे पण एफला पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) सगळ्या तारा एका बोटाने दाबायच्या असतात, आणि त्यातल्या दोन तरी मुक्या राहायच्याच. मग एकदा मित्राची गिटार हातात घेतली, किंमत माझ्याइतकीच पण नीट सेट केलेली, आणि एफ पहिल्या फटक्यात वाजला. आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला.

घोळ होता नटमध्ये. नट म्हणजे नाटकातला नाही आणि बोल्टवरचा पण नाही, मानेच्या वरच्या टोकाला खाचा पाडलेली जी छोटी पट्टी असते ना ती. स्वस्त गिटारीत या खाचा बऱ्याचदा उथळ सोडलेल्या असतात. खाच जास्त खोल गेली तर तार फ्रेटला लागून खरखरते आणि नट फुकट जातो, उथळ राहिली तर काय, गिऱ्हाईक स्वतःच्या बोटांना शिव्या घालतं.

आता उथळ खाचेमुळे तार उंच राहते, दाबताना ती जास्त ताणली जाते आणि ताण वाढला की स्वर चढतो. नटपासून पहिला फ्रेट साधारण ३६ मिलिमीटरवर, म्हणजे तार अगदी टोकाजवळ वाकवायची, त्यामुळे जोर पण तिथेच जास्त लागतो आणि बेसूर पण तिथेच जास्त होतं. मोकळ्या तारा ट्यूनरवर परफेक्ट आणि कॉर्ड मात्र आंबट, असं होत असेल तर संशयित हाच. तपासायला पैसे लागत नाहीत: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट उरते ते बघा, कागद जेमतेम जाईल इतकीच हवी. जास्त असेल तर तारेच्या जाडीची कानस घेऊन दोन घासे, परत तपासा, परत दोन घासे. हात थरथरत असेल तर रिपेअरवाल्याकडे द्या. तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर घोडीवर असंच केसभर घासत बसतात, तेवढ्यावर अख्ख्या वाद्याचा आवाज फिरतो, आणि गिटार म्हटली की आपल्याला वाटतं दुकानातून आणली की झालं.

पण हे करायचं सोडून लोक आधी पिकअप बदलतात (मी पण ऑर्डर करायच्या बेतात होतो). पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते, फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तेच. नायलॉनची तार लावली तर पिकअपला काही ऐकूच येणार नाही.

आता गंमत अशी की तेच वेढे घरातली वीज पण ऐकतात. आपली लाइन ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००, आणि जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा 'जी' (G) हा स्वर असतो ९८ हर्ट्झचा, म्हणजे अँप (अँप्लिफायर) चालू केला की घरातली वायरिंग जवळपास 'जी'मध्येच गुणगुणत असते. यावर उपाय म्हणून बॉडीत पिकअप बसवायच्या पोकळीत तांब्याची टेप लावतात, आणि इथे बऱ्याच जणांची फसगत होते. टेपचा पिंजरा (तोही फॅरेडेचाच) विद्युत क्षेत्र अडवतो, म्हणजे ट्यूबलाइट-डिमरची ती चरचर जाते. पण ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र पातळ तांब्यातून सरळ आरपार. त्याच्यासाठी हंबकर नावाचा पिकअप लागतो, दोन उलट्या जोडलेल्या कॉइल आणि त्यांची चुंबकं पण उलटी, म्हणजे तारेचा आवाज जुळतो आणि घूं घूं एकमेकांना खाऊन टाकते. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आणि हो, टेप ग्राउंडला जोडायला विसरू नका, मल्टिमीटरचा बीप ऐका, नाहीतर नुसती सजावट.

केबलकडे कोणी बघतच नाही. पिकअपचं इंडक्टन्स समजा अडीच हेन्री. केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरॅडच्या आसपास, वर पिकअपची स्वतःची शंभरेक. या दोन्हींमुळे एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला आवाज उठून येतो, तो रेझोनन्स; चार मीटर केबल लावली तर तो साडेचार किलोहर्ट्झला येतो, सात मीटर लावली तर साडेतीनला उतरतो. हा उंचवटा म्हणजेच गिटारचा तो चमकदार आवाज, केबल लांबली की तो मळकट होतो. दोन मीटर केबल कमी करून जो फरक पडतो तो पण 'अपग्रेड'च आहे की!

पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतं आणि जाड तारांचा स्वर डगमगतो, त्यावर औषध म्हणजे स्क्रूड्रायव्हर, पिकअप थोडा खाली करा. पिकअप अँपसमोर किंचाळत असेल तर त्यातले वेढे सैल आहेत, ते मेणात बुडवून घट्ट करतात. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन तेच करायचा, ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरची मान जोडून बनवलेल्या गिटारवर. क्वीन बँडच्या ब्रायन मेने तर १९६३ पासून वडिलांबरोबर गिटार घडवली, मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, ट्रेमोलोला (स्वर हलवायच्या दांडीला) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या, आणि पुढे हा माणूस खगोलभौतिकीचा डॉक्टर झाला.

माझ्या गिटारीत पिकअप अजून कंपनीचेच आहेत. नट घासला, टेप लावली, तीन मीटरची केबल घेतली. घूं मात्र आहेच, सिंगल कॉइल आहे ना, त्यामुळे रेकॉर्डिंग करताना खुर्ची फिरवत बसतो आणि ज्या दिशेला गुणगुण सगळ्यात कमी होते तिकडे तोंड करून वाजवतो. सध्या ती दिशा कपाटाकडे आहे.