उंची वाढवायची की अट बदलायची?

ठाण्याच्या साकेत मैदानावर पोलीस भरती असली की पहाटेपासून पोरांच्या रांगा लागतात. पुरुषांना किमान १६५ सेंटीमीटर उंची लागते. शहापूर-मुरबाडकडचा एखादा मुलगा टाचा टेकवून, मान ताणून पट्टीखाली उभा राहतो आणि अर्ध्या सेंटीमीटरसाठी घरी जातो. मग तो धावण्यात कितीही तरबेज असो.

माणसाची जनुकं बदलून त्याला अधिक सक्षम करावं, असं म्हणणाऱ्यांचा प्रश्न असा: उंची, बुद्धी, ताकद जन्मतःच असमान वाटली जाते, तर सरकारने हे ‘अपग्रेड’ पोलिओच्या डोससारखं सर्वांना फुकट का देऊ नये? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण घोडं जीवशास्त्रातच अडतं. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांचा डीएनए तपासला, तेव्हा उंचीशी संबंधित १२ हजारांहून अधिक जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा नगण्य. क्रिस्पर या जनुकं बदलण्याच्या तंत्राने एखादी जागा बदलता येते. हजारो जागा बदलायच्या, तर त्यांतली जनुकं शरीरात आणखी कुठली कामं बिघडवतील, कोण सांगणार? त्यातही तपासलेले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे, त्यामुळे त्यावरून केलेले अंदाज आपल्याकडे बरेच चुकतात. समतेच्या नावाने येणाऱ्या तंत्रात आपण सुरुवातीलाच मागे.

जनुकांना हात न लावताही पुढच्या पिढीची उंची वाढते. गरोदर बाईला पुरेसं अन्न, बाळाला स्वच्छ पाणी, सतत जुलाब न होणं, एवढं त्याला लागतं. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे, पाणी मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात.

समजा, सगळेच पाच सेंटीमीटरने वाढले. मग अटही १७० होईल! उंचीचा फायदा दुसरा बुटका असेपर्यंतच. आजारातून सुटका होण्याचं तसं नाही. शेजारी बरा झाला म्हणून आपलं काही कमी होत नाही. मला तरी नैतिक सीमारेषा इथेच दिसते.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराचंच बघा. एकाच जनुकातला दोष, आणि आपल्या आदिवासी भागांत रुग्ण भरपूर. त्यावरच्या क्रिस्पर उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. किंमत खाली आणता येते, हे मात्र रक्ताच्या कर्करोगाबाबत आपल्याकडे दिसलं आहे: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटाच्याच संशोधन केंद्राचा हात लागून, रुग्णाच्याच पेशींत जनुकीय बदल करणारी कार-टी थेरपी परदेशाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात आणली. तरीही बिल लाखांतच येतं. सरकारला जनुकांवर पैसा घालायचाच असेल, तर आधी तो इथे घालावा. उंचीची अट बदलायला तर सरकारची एक अधिसूचना पुरते.