विल्यम स्प्रॅटलिंग: टास्कोच्या चांदीकामाची पार्श्वभूमी

टास्को हे मेक्सिकोच्या गेरेरो राज्यातले डोंगरउतारावरचे गाव. चांदी तिथे सोळाव्या शतकापासून निघू लागली. होसे दे ला बोर्दा या खाणमालकाने त्याच पैशातून १७५१ ते १७५८ या काळात सांता प्रिस्का चर्च उभारले. दागिन्यांसाठी मात्र गावाचे नाव कोणी घेत नव्हते, कारण चांदी खाणीतून वर यायची ती बाहेर जाण्यासाठीच.

हे चित्र पालटवणारा माणूस घराण्याने सोनार नव्हता. विल्यम स्प्रॅटलिंगचा जन्म १९०० सालचा, न्यूयॉर्क राज्यातला. न्यू ऑर्लीन्सच्या तुलेन विद्यापीठात तो वास्तुकला शिकवायचा. १९२९ मध्ये तो मेक्सिकोत आला आणि टास्कोत राहिला. मेक्सिको शहरापासून आकापुल्कोपर्यंतचा मोटाररस्ता नुकताच झाला होता, त्यामुळे प्रवासी आता गावातूनच जात होते. १९३१ मध्ये त्याने ‘लास देलिसियास’ हा कारखाना काढला आणि जवळच्या इग्वालाहून आर्तेमियो नावार्रेते या सोनाराला आणले. रेखाटन स्प्रॅटलिंगचे, धातू घडवणे सोनाराचे. पुढच्या साऱ्या शिकवणीचा साचा इथेच ठरला: मुरलेल्या कारागिराच्या हाताखाली गावातली पोरे, आणि आकृत्या स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या मेक्सिकन शिल्पांवरून उचललेल्या.

चांदीही त्याने वेगळी वापरली. स्टर्लिंग या नेहमीच्या दागिन्यांच्या चांदीत हजारात ९२५ भाग चांदी असते, उरलेले बहुधा तांबे. स्प्रॅटलिंगच्या पुष्कळ वस्तूंवर ९८० चा शिक्का आढळतो. तांबे कमी म्हणजे धातू मऊ. तो सहज वाकतो, पण तितकाच सहज चेपतोही, म्हणून पत्रा जाड घ्यावा लागतो. फायदा तापवताना कळतो. स्टर्लिंग वारंवार तापवले की आतल्या तांब्याचा ऑक्साइड होतो आणि पॉलिश केल्यावर जांभळट-करडा डाग वर येतो. तो नुसत्या घासण्याने जात नाही, कानशीने थर उतरवावा लागतो. ९८० मध्ये ही कटकट पुष्कळच कमी.

नवशिक्याचे हात पहिल्यांदा चुकतात तेही तापवण्यातच. ठोकून ठोकून चांदी कडक होते. वेळीच तापवून मऊ केली नाही तर कडेला चीर पडते. ६०० ते ६५० अंश सेल्सिअसला ती मंद लाल दिसते. तो रंग उन्हात दिसत नाही, म्हणून हे काम सावलीत करायचे. स्टर्लिंग ८९३ अंशांना पूर्ण वितळते, तेव्हा चुकीला फार जागा नाही. डाक, म्हणजे तुकडे जोडणारा लवकर वितळणारा मिश्रधातू, लावताना सांधा स्वच्छ हवा, टाकणखार (बोरॅक्स) लागलेला हवा आणि दोन्ही तुकडे एकाच वेळी तापायला हवेत. डाक उष्णतेकडे धावतो: लहान तुकडा आधी तापला तर सगळा त्याच्यावरच चढतो आणि सांधा कोरडा राहतो. लाकडी मूठ किंवा ॲमेथिस्ट हा जांभळा खडा शेवटी बसवायचा, कारण ज्योत दोघांनाही सोसत नाही.

दुसऱ्या महायुद्धात युरोपचा माल बंद झाला आणि अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या मागण्या टास्कोकडे वळल्या. कारखान्यात शेकडो माणसे राबू लागली. युद्ध संपताच मागणी ओसरली, बाहेरचे भांडवल घेऊन वाढवलेली कंपनी बुडाली आणि स्प्रॅटलिंग जवळच्या टास्को एल विएहो इथल्या शेतावर लहान कारखाना घेऊन बसला. व्यवसाय म्हणून हे अपयशच. गावाचे मात्र त्यामुळे फारसे अडले नाही, कारण हाताखालचे लोक आधीच वेगळे झाले होते. एक्तोर आगिलार आणि कास्तियो बंधूंनी १९३९ मध्येच स्वतःचे कारखाने काढले होते. आंतोनियो पिनेदाही याच परंपरेतला. आगिलारच्या वस्तूंवर ९४०, तर पिनेदाच्या वस्तूंवर ९७० असा कस सापडतो. प्रत्येकाने गुरूची आकृती न उचलता आपली वाट काढली, हे मला त्या शिकवणीचे खरे यश वाटते.

ऑगस्ट १९६७ मध्ये टास्कोजवळ मोटार अपघातात स्प्रॅटलिंग गेला. त्याच्या नमुन्यांवरून पुढेही वस्तू निघत राहिल्या, त्यामुळे नुसती ‘डब्ल्यू एस’ ही अक्षरे पाहून काळ ठरवता येत नाही. अक्षरांची घडण, कसाचा आकडा आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस आलेला सरकारी गरुडाचा शिक्का हे तिन्ही एकत्र पाहावे लागतात.