सरकारी दवाखाना नेमका कोणाचा?

जिल्ह्यात सरकारी खाटा किती, या साध्या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात एका टेबलावर मिळत नाही. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. शहरात वर महापालिकेचे दवाखाने. ही वाटणी कोणी एका बैठकीत बसून केलेली नाही, ती साचत गेली आहे.

सुरुवात शहरांत झाली, तीही देणग्यांवर. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईत जे. जे. उभं राहिलं आणि १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. पुण्याचं ससून १८६७ चं, डेव्हिड ससून यांच्या पैशातलं. १९२६ मध्ये परळला केईएम आलं. त्याच्या कॉलेजसाठी पैसा देणाऱ्या विश्वस्तांची अट होती की नेमणुका भारतीयांच्याच व्हाव्यात. पैसा जिथे, तिथे खाटा. मुंबई-पुण्याकडचा झुकाव तेव्हापासूनचा आहे. मिरजेचं १८९४ चं मिशन हॉस्पिटल हा ठळक अपवाद.

खेड्यांचा विचार कागदावर आला तो आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिथली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावपातळीवरची आरोग्यसेवा त्यांच्याकडे गेली. १९७० मध्ये वैद्यकीय शिक्षणाचं संचालनालय वेगळं झालं. लोकसंख्येचे निकषही ठरले: सपाट भागात पाच हजारांमागे उपकेंद्र, तीस हजारांमागे आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात तीन हजार आणि वीस हजार. पण निकष इमारतीचा असतो. तिथे राहायला तयार असलेला डॉक्टर निकषाने मिळत नाही.

या वाटणीचा अर्थ अडलेल्या बाळंतिणीच्या वाटेवर कळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा खाटा, सिझरची सोय नाही. ग्रामीण रुग्णालयात तीस खाटा, पण भूलतज्ज्ञ नसला तर ऑपरेशन थिएटर असून नसल्यासारखं. मग सिव्हिल, तिथूनही कधी ‘मेडिकलला न्या’, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. दर ठिकाणी नवा केसपेपर आणि वेगळ्या खात्याचा साहेब. २०१४ पासून १०८ ची गाडी मिळू लागली, हा खरा फरक. त्याआधी जीप शोधण्यातच वेळ जायचा.

२०१२ मध्ये जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली (२०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने) आणि खासगी रुग्णालयांतल्या उपचाराचं बिल सरकारी योजनेतून जाऊ लागलं. अलीकडे सातारा, अलिबाग, सिंधुदुर्ग इथे नवी सरकारी मेडिकल कॉलेजं जिल्हा रुग्णालयांच्या आधारावर सुरू झाली. अशा ठिकाणी खाटा एका विभागाच्या यादीतून दुसऱ्याच्या यादीत जाऊ शकतात. म्हणून दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवताना ती खाट तेव्हा कोणाच्या नावावर होती, हे आधी पाहावं लागतं.