चादर वाढते, पण मूलपेशी उरतात का?

त्वचा, डोळ्याचं पारपटल, आतड्याचं अस्तर ही आवरणं सतत झिजतात आणि नव्याने घडतात. आतड्याचं अस्तर तर जेमतेम आठवडाभरही टिकत नाही. ही अखंड डागडुजी मोजक्या मूलपेशी करतात, म्हणजे स्वतः टिकून राहत नव्या पेशी घडवत राहणाऱ्या पेशी. शिवाय अस्तरात रक्तवाहिन्या नसतात. पोषण खालच्या थरातून येतं. म्हणून अख्खं मूत्रपिंड वाढवण्यापेक्षा अस्तर वाढवणं सोपं.

1975 मध्ये जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी मानवी त्वचेच्या पेशी उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवून दाखवल्या. (उंदराच्या पेशींना आधी किरणोत्सर्ग देतात, म्हणजे त्या जगतात पण वाढत नाहीत.) पुढच्या दशकात अशा वाढवलेल्या पेशींच्या पातळ चादरी भाजलेल्या रुग्णांवर बसूही लागल्या.

खरी मेख वेगळीच होती. बशीतल्या पेशी सारख्या दिसल्या तरी त्यांचा दमसास सारखा नसतो, हे बारान्दों आणि ग्रीन यांनी 1987 मध्ये दाखवलं. काही पेशींची वसाहत वाढतच राहते, तिला ‘होलोक्लोन’ म्हणतात. काही थोड्याच विभाजनांत थकतात. थकलेल्या पेशींची चादर आधी छान बसते आणि मग काही काळाने विरते.

इटलीतल्या ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांच्या चमूने डोळ्यावर याचा पडताळा घेतला. रसायनाने भाजलेल्या डोळ्यांवर, पारपटलाच्या कडेच्या मूलपेशींपासून वाढवलेलं अस्तर त्यांनी बसवलं. 2010 चा त्यांचा 112 रुग्णांचा अहवाल मला या क्षेत्रातला सर्वांत बोलका वाटतो. वसाहत करू शकणाऱ्या पेशींपैकी 3 टक्क्यांहून जास्त पेशींत पी63 हे मूलपेशींची खूण मानलं जाणारं प्रथिन ठळक असेल, तर यश 78 टक्के. नाहीतर फक्त 11 टक्के. पेशी किती, यापेक्षा कोणत्या, हे महत्त्वाचं ठरलं. याच उपचाराला 2015 मध्ये युरोपात मान्यता मिळाली.

त्याच वर्षी जर्मनीत, त्वचा सुटून येणाऱ्या आनुवंशिक आजाराने ग्रासलेल्या मुलाच्या पेशींमध्ये दुरुस्त जनुक घालून जवळपास 80 टक्के बाह्यत्वचा बदलली गेली. ती त्वचाही मोजक्या दीर्घायुषी मूलपेशींनीच तोलून धरल्याचं पुढे दिसलं.

आतड्याला सपाट चादर पुरत नाही. 2009 मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी एकाच मूलपेशीपासून खळगे असलेलं इवलं आतडं वाढवलं. हेच ऑर्गनॉइड. 2022 मध्ये टोकियोत व्रणयुक्त बृहदांत्रदाहाच्या रुग्णाला त्याच्याच पेशींचे ऑर्गनॉइड बसवले गेले. मात्र प्रयोगशाळेत ऑर्गनॉइड ज्या जेलमध्ये सर्रास वाढवतात, ते उंदराच्या गाठीपासून काढलेलं असतं. संशोधनाला ते चालतं, रुग्णासाठी दुसरा आधार शोधावा लागतो.