छत्रीधारी सैन्य (हार्ट्स ऑफ आयर्न ४)

‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ या दुसऱ्या महायुद्धावरील युद्धनीतीच्या संगणकीय खेळातील पायदळाचा एक विशेष प्रकार. हे सैन्य वाहतूक विमानांतून थेट शत्रूच्या पिछाडीस उतरविता येते. स्वीडनमधील पॅराडॉक्स या निर्मात्यांचा हा खेळ ६ जून २०१६ रोजी प्रकाशित झाला. १९४४ मध्ये याच तारखेच्या पहाटे दोस्त राष्ट्रांचे छत्रीधारी सैनिक फ्रान्समधील नॉर्मंडीत उतरले होते.

उडीसाठी हवाई तळावर सज्ज असलेली तुकडी, पुरेशी वाहतूक विमाने, त्यांच्या पल्ल्यात येणारे लक्ष्य आणि लक्ष्यावरील हवाई वर्चस्व या चारही गोष्टी जुळून याव्या लागतात. त्यांपैकी वर्चस्व सर्वांत महाग पडते, कारण ते मिळविण्यासाठी लढाऊ विमाने आधी बांधावी आणि नंतर गमवावी लागतात. तुकडीत लढाऊ पलटणी केवळ छत्रीधारी सैनिकांच्याच असाव्यात, असाही नियम आहे. रणगाड्यांच्या पलटणी सोबत नेता येत नसल्यामुळे ही तुकडी मुळातच हलकी राहते. तिला जड करण्याचा अट्टहास केल्यास फक्त विमानांची गरज वाढते.

नवखे खेळाडू हे सैन्य आघाडीवरील मजबूत फळीच्या डोक्यावर टाकतात आणि ते तिथेच संपते. त्याचे मोल लढण्याच्या ताकदीत नसून ते कोठे उतरते यात आहे. नदीपलीकडचा रिकामा प्रांत, माघारीच्या वाटेवरील नाका किंवा बंदर ही खरी लक्ष्ये होत. नोव्हेंबर २०२१ मधील ‘नो स्टेप बॅक’ या विस्तारासोबत रसद लोहमार्ग व पुरवठा केंद्रांवर अवलंबून ठेवण्यात आली. तेव्हापासून एकच केंद्र बळकावले, तरी समोरच्या अनेक तुकड्या उपाशी पडू शकतात. ब्रिटनवरील स्वारीत जर्मनीचा खेळाडू बरेचदा आधी छत्रीधारी सैन्याकरवी एखादे बंदर घेतो आणि मुख्य फौज त्या बंदरातून उतरवितो. किनाऱ्यावरील सागरी चढाईला समुद्रावर वर्चस्व असावे लागते. आपल्या ताब्यातील बंदरात फौज नेण्यास ती अट लागू नाही, मात्र वाटेत जहाजे बुडण्याचा धोका कायम राहतो.

उतरलेल्या सैन्याजवळ रसद थोडीच असते, म्हणून जमिनीवरून येणाऱ्या फौजेने त्याला लवकर गाठणे अत्यावश्यक ठरते. सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समधील आर्नेमला ही गाठ पडली नाही आणि ब्रिटिशांची पहिली हवाई डिव्हिजन जवळपास संपली. याउलट ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व पाकिस्तानातील (आताच्या बांगलादेशातील) टांगाइलजवळ पूंगली पुलासाठी उतरलेल्या २ पॅरा या पलटणीला, जी स्वतः पूर्वाश्रमीची मराठा पलटण होती, लवकरच मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान येऊन मिळाले. खेळातही हाच क्रम पाळावा लागतो : रणगाडे पुढे सरकू लागल्यावर उडी घ्यावी, ते निघण्याच्या कितीतरी आधी नव्हे.

संगणकाच्या हाती असलेला देश बहुतेक सैन्य सीमेवर ओढून अंतर्भाग मोकळा ठेवतो. त्यामुळे मोजकी महत्त्वाची शहरे असलेले छोटे राष्ट्र काही उड्यांत शरण येऊ शकते. हा विजय काहीसा स्वस्तच म्हणावा लागेल. माणूस प्रतिस्पर्धी असला, तर तो राजधानी, बंदरे व हवाई तळांवर थोडी शिबंदी ठेवतो, विमानवेधी तोफा बांधतो, आणि वाहतूक विमाने लढाऊ विमानांच्या संरक्षणाविना आलीच तर सैनिक जमिनीला पाय लावण्यापूर्वी मारले जातात. अनेकांनी मिळून खेळावयाच्या डावांत छत्रीधारी सैन्यावर आपसांत बंदी किंवा मर्यादा घालण्याचा प्रघातही आढळतो.