सूर सावरणारा डबा आणि सूर सरकवणारा डबा

गणपती जवळ आले की बेळगाव, निपाणी, खानापूर कुठंही जावा, ऑर्केस्ट्रावाले आणि साउंडवाले यांच्यात एक बोलणं हमखास ऐकायला मिळतं, "ते पिचचं मशीन लावूया की ओ, आवाज सुरात येतोय म्हणे." कुठलं मशीन असं विचारलं की गोंधळ सुरू, एक जण पिच करेक्शन म्हणतोय, दुसरा हार्मनायझर म्हणतोय, तिसरा कीबोर्डवरच्या ट्रान्सपोज बटणाबद्दल बोलूलाय, आणि शेवटी कुणीतरी पिच असं लिहिलेला कुठलातरी पेडल घेऊन येतो आणि मग कार्यक्रमात गायकाचा आवाज सुरात यायचं सोडून कार्टूनसारखा येतो.

पिच म्हणजे सुराची उंची, आणि यात खरं तर दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक पिच करेक्शन, म्हणजे चुकलेला सूर ओळखून जवळच्या बरोबर सुरावर नेणारी. दुसरी पिच शिफ्ट, म्हणजे आलेला आवाज जसा आहे तसा उचलून ठरलेल्या अंतरानं वर किंवा खाली नेणारी. पहिलीला काय बरोबर आणि काय चूक हे ठरवावं लागतं, दुसरीला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

आकड्यात बघा, लगेच कळेल. समजा गायकाला ४४० हर्ट्झचा सूर लावायचाय, म्हणजे पेटीची पांढरी सहा, आणि त्याचा लागला ४३०. दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरतात, त्या हिशोबानं हा साधारण ४० सेंट उतरलेला, समोर बसलेल्या कुणालाही कळेल इतका. करेक्शनच्या डब्यात हा आवाज गेला तर डबा म्हणतो हा सूर पांढरी सहाच्या जवळचा आहे, आणि तो ४४० वर आणून सोडतो. तोच आवाज शिफ्टरमध्ये घालून दोन पट्ट्या वर न्या, ४३० चे जवळजवळ ४८३ होतील, पण तिथला बरोबर सूर आहे ४९४ च्या आसपास. म्हणजे गायक तिथंही ४० सेंट उतरलेलाच. वाकडी भिंत उचलून दुसऱ्या गल्लीत नेली म्हणून काय सरळ होत नाही.

इतिहास बघितला तरी दोघांचा जन्म वेगळा. सरकवणारा आधीचा. टेपच्या जमान्यात सूर वर न्यायचा तर टेप जोरात पळवायची, मग गाणंही जोरात पळायचं. वेग न बदलता सूर बदलणारं ईव्हेंटाइड कंपनीचं एच ९१० हार्मनायझर १९७५ मध्ये बाजारात आलं, आणि १९८९ मध्ये डिजिटेकचा व्हॅमी पेडल आला, गिटारवाले पाय दाबून सूर आभाळात नेतात तो. करेक्शन त्यामानानं बरंच नवीन, अँटारेस कंपनीचं ऑटोट्यून १९९७ चं. ते करणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधायच्या कामात होता, जमिनीत स्फोट करून परत येणाऱ्या लाटांचं गणित करायचा, तेच गणित त्यानं गळ्याच्या लाटांना लावलं. आधी ते कॉम्प्युटरवर आलं आणि थोड्याच दिवसात एटीआर-१ नावाचा रॅकमध्ये बसणारा डबाही आला. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या गाण्यात तो यांत्रिक आवाज जगभर गाजला तेव्हा ते करणाऱ्यांनी आधी सांगितलं की हे व्होकोडर पेडलचं, म्हणजे आवाज यंत्रासारखा करणाऱ्या दुसऱ्याच डब्याचं काम आहे, खरं ते ऑटोट्यूनच होतं. म्हणजे लोकांचा गोंधळ आजचा नाही, तेव्हा तर मुद्दाम करून दिलेला.

आता सरकवणाऱ्याचं उपयोगाचं काम काय, तर एक म्हणजे पट्टी बदलणं. ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या संगीतावर गाणारा असेल आणि मूळ गाणं काळी चारचं असेल तर ट्रॅक खाली आणायला शिफ्टच लागते, करेक्शन तिथं काय करणार. कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण मात्र यातलंही नाही, ते आवाज सरकवत नाही, तुम्ही दाबलेल्या पट्टीऐवजी दुसऱ्या पट्टीचा आवाज वाजवतं, म्हणून ते कधी घोगरं किंवा चिरकं होत नाही. आवाज खरोखर सरकवला की गळ्याचा आकारही सरकल्यासारखा वाटतो, चार पट्ट्या वर गेलं की बाप्या माणसाचं पोर होतं. चांगल्या डब्यात फॉर्मंट नावाची सोय असते, ती सूर हलवते पण गळ्याचा पोत जागेवर ठेवते. स्वस्तातल्यात ती नसते, आणि ते कार्टून तिथूनच येतं.

दुसरं काम म्हणजे कोरस. गायक एकटाच आहे आणि मागं दोन आवाज पाहिजेत, तर मूळ आवाज तसाच ठेवून त्याची सरकवलेली नक्कल त्यात मिसळायची. यात एक गंमत आहे जी आपल्या लोकांना सरगममधून चटकन समजेल. बिलावलचे, म्हणजे सगळे शुद्ध सूर धरा. सा पासून ग चार पट्ट्यांवर आहे, पण रे पासून म तीनच पट्ट्यांवर. साधा शिफ्टर चार पट्ट्यांवर लावून ठेवला तर सा ला ग मिळेल, झकास, पण रे गायलात की मागून शुद्ध मध्यमाऐवजी तीव्र मध्यम वाजणार, आणि सगळा ऑर्केस्ट्रा वळून तुमच्याकडं बघणार. म्हणून बॉसच्या व्हीई-२० सारख्या किंवा टीसी हेलिकॉनच्या व्हॉइसलाइव्ह सारख्या डब्यांना पट्टी आणि स्केल, म्हणजे सा कुठला आणि सूर कुठले, हे सांगावं लागतं, मग कुठल्या सुराला तीन आणि कुठल्याला चार हे तो स्वतः ठरवतो. हे डबे करेक्शनही करतात आणि हार्मनीही, म्हणजे सुराला जोडीचे सूर देणंही, दोन्ही एकाच खोक्यात, आणि मला वाटतं अर्धा गोंधळ या खोक्यांनीच वाढवलाय.

जोडणीत तर फरक अगदी उघडा पडतो, आणि आमच्याकडच्या मांडवात सगळ्यात जास्त घोळ इथंच होतोय. साउंडवाल्याला सवय असते की इको, रिव्हर्ब वगैरे मिक्सरच्या ऑक्सवरून, म्हणजे आवाजाची एक नक्कल बाजूला काढणाऱ्या वाटेवरून पाठवायचं आणि दुसऱ्या चॅनेलला परत घ्यायचं. हार्मनीचा डबा असा जोडला तरी चालतो, कारण मूळ आवाज आणि नक्कल दोन्ही ऐकू यायलाच पाहिजेत. पण करेक्शनचा डबा ऑक्सवर लावला की मूळ बेसूर आवाजही स्पीकरला जातो आणि सावरलेलाही जातो, दोघं एकमेकांना घासत राहतात, एकच माणूस दोघांसारखा ऐकू येतो, वर आवाज पोकळ होतो. मग नॉब फिरव फिरव फिरवतात आणि शेवटी म्हणतात मशीन बोगस आहे. करेक्शन मूळ आवाजाच्या जागी बसलं पाहिजे, माइक थेट डब्यात आणि डब्यातून मिक्सरला, नाहीतर चॅनेलच्या इन्सर्टवर, जिथं अख्खा आवाज डब्यातून फिरून परत येतो. रिव्हर्ब कायम त्याच्या नंतर. कंडेन्सर माइक, म्हणजे बाहेरून वीज लागणारा माइक असेल तर डबा ४८ व्होल्ट देतो का ते आधी बघा.

दुसरा शत्रू ढोलकी. करेक्शन आधी सूर ओळखतं, आणि ओळखायला त्याला एका वेळी एकच सूर स्वच्छ ऐकू यायला लागतो. गायकाच्या माइकात शेजारची ढोलकी, मागचा ऑक्टापॅड आणि मॉनिटरमधली, म्हणजे गायकाला ऐकायला ठेवलेल्या स्पीकरमधली पेटी शिरत असेल तर डबा कधी गळ्याला धरतो कधी ढोलकीच्या घुम्याला, आणि आवाज मधेच गचके खातो. माइक तोंडाजवळ, मॉनिटर माइकच्या पाठीमागं, आणि गायकानं हातभर लांब धरून गायची हौस सोडायची. शिवाय ओळखायला वेळ लागतो. १०० हर्ट्झच्या खर्जाची एकच लाट १० मिलिसेकंदाची, आणि ओळखायला निदान एकदोन लाटा बघाव्याच लागतात, म्हणून खालच्या सुरात उशीर जास्त जाणवतो. कानात इअरफोन घालून गाणाऱ्याला तर स्वतःचा खरा आवाज हाडातून आणि सावरलेला कानातून असे दोन मिळतात, काही गायक त्यानं आणखीनच बेसूर होतात, अशांना मॉनिटरला न सावरलेला आवाज द्यायचा.

आता पट्टी कशी सांगायची. डब्यावर सगळी इंग्रजी अक्षरं असतात, म्हणजे पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, आणि बहुतेक डब्यात मेजर (आपले बिलावलचे सूर) आणि मायनर (कोमल ग, ध, नी वाले) एवढंच. यमनसारखं गाणं असेल तर तीव्र मध्यम आला, मेजरमध्ये तो बसत नाही, डबा त्याला शुद्ध मध्यमावर नाहीतर पंचमावर ओढणार. यावर सोपा उपाय, पंचमाची मेजर लावायची. सा पांढरी एक असेल तर जी मेजर, सा काळी एक असेल तर जी शार्प मेजर, सातही सूर यमनचेच निघतात. कोमल सुरांची भैरवी असेल तर कोमल धैवताची मेजर लावायची, पांढरी एकच्या सा ला जी शार्प मेजर. अर्थात आपली भैरवी बाराही सुरात फिरते, तिथं क्रोमॅटिक, म्हणजे बाराही सूर चालू ठेवा नाहीतर बंदच ठेवा. भैरवला कुठलीच मेजर बसत नाही, एकेक सूर चालू बंद करायची सोय असेल तरच.

आणि पेटी! जुन्या भजनी मंडळाच्या पेट्या ४४० ला असतीलच असं नाही. समजा पेटी ३० सेंट चढी आहे. गायक बिचारा पेटीला बरोबर धरून गातोय, आणि डबा त्याला ४४० च्या मापानं प्रत्येक सुराला ३० सेंट खाली खेचतोय. लोक म्हणणार हा बेसूर गातोय. "मी तर पेटीलाच धरून गाऊलालोय की ओ" असं तो म्हणतो ते खरंच असतं. म्हणून डब्याचा मूळ संदर्भ सूर आधी पेटीशी जुळवून घ्या, ती सेटिंग बऱ्याच डब्यात मेनूच्या पोटात लपलेली असते.

मला स्वतःला विचाराल तर भावगीत, कोळीगीत, डीजेवरची गाणी, यांना हलकं करेक्शन चालतं, नॉब एक चतुर्थांशाच्या वर नको. नाट्यगीत आणि अभंगाला मी लावणार नाही, ख्यालाला तर हातच लावू नका. कारण डब्याच्या डोक्यात पेटीच्या बारा पट्ट्याच आहेत. सा शी गोडीनं जुळणारा शुद्ध गंधार ३८६ सेंटवर असतो, डब्याचा ४०० वर. तानपुऱ्यावर तयार झालेला गायक बरोबर ३८६ ला लावतो आणि डबा त्याला चढवून ठेवतो. आणि मींड? नी वरून सा ला जाताना गळा घसरत जातो, मधे कुठंच थांबत नाही, डबा जोरात लावला तर त्या घसरण्याची पायरी होते, नी, मग टक्कन सा. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती ती याच तक्रारीवर, मींड निघत नाही आणि श्रुती बसत नाहीत. पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात पेटीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, पण पेटी निदान गायकाच्या शेजारी बसते, हा डबा त्याच्या गळ्यात बसतोय.

वाद्यांचं थोडक्यात. बासरी, व्हायोलिन, सॅक्सोफोन, एका वेळी एक सूर वाजतोय तोवर करेक्शन चालतं, पण पुन्हा मींडेचं तेच. गिटारच्या कॉर्डमध्ये सहा सूर एकत्र, साधा करेक्शन डबा तिथं गांगरतो. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक तारेचा आवाज वेगळा उचलून तार तार सावरणारी गिटार निघाली होती, पीव्हीची एटी-२००, आत अँटारेसचंच तंत्र. सरकवणाऱ्याला मात्र कुठला सूर हे ठरवायचंच नसतं, त्यामुळं डिजिटेकच्या ड्रॉपसारखा पेडल अख्खी कॉर्ड खाली नेतो, तारा ढिल्या न करता. पण गिटारच बेसूर लावलेली असेल तर ती खालीही तशीच बेसूर, हे सांगूनही पटत नाही लोकांना.

जुना डबा घेत असाल तर दुकानात एवढं करा. एक सूर धरून मुद्दाम जरासा उतरवा. डब्यातला आवाज जागेवर थांबून राहिला तर करेक्शन, तुमच्याबरोबर तोही खाली आला तर नुसती शिफ्ट, डब्यावर काय छापलंय ते बघत बसू नका. आणि अडॅप्टर मूळचाच मागून घ्या, एखाद्याला ९ व्होल्ट लागतात, एखाद्याला १२, आणि पिनची उलटसुलट वेगळीच, दुसरा कुठला लावून जाळलेले डबे दुरुस्तीवाल्याकडं चिकार पडलेत.